शेळीच्या अंडपेशीत ईडीयू का चमकत नाही?

गोदाकाठ (प्रश्न)
एमएस्सीचा प्रकल्प. नाशिकच्या कत्तलखान्यातून शेळीची अंडाशयं आणून २ ते ८ मिमीच्या फॉलिकलमधल्या (अंडपेशी वाढते त्या पिशवीतल्या) अंडपेशी टीसीएम-१९९ या पोषक द्रावणात मॅच्युरेशनला (पक्व व्हायला) ठेवतो: ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ तास. डीएनए नेमका कधी दुप्पट होतो ते पकडायचं म्हणून पहिल्या तासापासून १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्या बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण, जी नंतर रंगवून हिरवी दिसते). अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी लख्ख हिरव्या येतात, अंडपेशी काळीच. होक्स्टमध्ये (सगळा डीएनए दाखवणारा रंग) गुणसूत्रं आणि पोलर बॉडी (विभाजनात बाहेर टाकली जाणारी छोटी पेशी) दोन्ही दिसतात. ईडीयू झोनातून (अंडपेशीच्या बाहेरच्या कवचातून) आत जात नाही की काय?

खुरपं
वेळ कमी पडतेय. ३० तास ठेवा आणि ईडीयू ५० करा.

पेशीपुराण
कृपया तसं करू नका. ३० तासांत अंडपेशी शिळी होते, एवढंच. शिवाय क्युम्युलस हिरवे आलेत, म्हणजे रंगाची रासायनिक क्रिया ठीक आहे.

उशीर झालाय, तोही महिन्यांचा. तुम्ही शोधताय ती एस फेज (डीएनए दुप्पट होण्याचा टप्पा) ही शेळी स्वतः आईच्या पोटात होती तेव्हाच उरकली. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. मादी गर्भात ५५व्या दिवसाच्या सुमारास जननपेशी मायोसिसमध्ये (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात) शिरू लागतात, आणि शेवटचं डीएनए दुप्पट होणं त्याच्या लगेच आधी. मग गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, क्रॉसिंग ओव्हर (तुकड्यांची अदलाबदल) होतं आणि पेशी डिप्लोटीन या मायोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यावर थांबते. उंदरात हेच गर्भाच्या १३व्या दिवसाच्या आसपास, माणसात १०-१२ आठवड्यांपासून पुढे. सगळ्या पेशी एकदम शिरत नाहीत, त्यामुळे गर्भाच्या एकाच अंडाशयात मागेपुढे टप्पे सापडतात.

म्हणजे तुमच्या डिशमध्ये पडते तेव्हाच अंडपेशी ४सी असते (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचाइतका डीएनए). पहिली पोलर बॉडी गेली की २सी, शुक्रपेशी आल्यावर दुसरी गेली की १सी. नुसती वाटणी, नवी छपाई नाही.

गोदाकाठ
पण दोन विभाजनांच्या मध्ये साधी पेशी तर एस फेज घेते ना?

पेशीपुराण
साध्या पेशीत एमपीएफ (पेशीला विभाजनात ढकलणारा घटक) पूर्ण उतरतो, केंद्रकाचं आवरण परत बनतं, मग नव्या छपाईची परवानगी मिळते. इथे एमपीएफ जेमतेम उतरून लगेच चढतो आणि मॉस-एमएपीके मार्ग (पेशीला विभाजनाच्या अवस्थेत धरून ठेवणारी संकेतसाखळी) चालूच असतो. आवरण बनतच नाही.

याच जुन्या एस फेजमध्ये गुणसूत्रांच्या जुळ्या धाग्यांना बांधणारं रेक८ कोहेसिन हे प्रथिन बसतं. नंतर त्याची भरपाई जवळपास होत नाही. वय वाढलेल्या मादीत गुणसूत्रांची वाटणी चुकण्यामागे हे एक मोठं कारण.

दगडीचाळ
दोन गोष्टी तपासा. झोनावर चिकटलेला एखादा क्युम्युलस वरून पाहिला तर अंडपेशीच्या आतला वाटतो, तेव्हा हायल्युरोनिडेझ या विकराने (एन्झाइमने) नीट सोलून घ्या आणि फोकस वरखाली करून बघा. दुसरं, सायटोप्लाझममध्ये बारीक ठिपके दिसले तर हुरळू नका, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केंद्रकाची वाट बघत नाही.

अंडपेशीचा पॉझिटिव्ह कंट्रोल (ईडीयू चमकायलाच हवं असा नमुना) हवा असेल तर शुक्रपेशीशिवायच तिला पुढे ढकला: मॅच्युरेशननंतर ५ मायक्रोमोलर आयनोमायसिन ५ मिनिटं, मग २ मिलिमोलर ६-डीएमएपी ४ तास. ईडीयू आयनोमायसिन धुतल्यापासूनच घाला, नाहीतर एस फेजची सुरुवात हुकेल, आणि १६-१८ तास राहू द्या. प्रोन्युक्लियस (त्यानंतर अंडपेशीत बनणारं केंद्रक) चमकला की झोनाची शंका मिटली. डीएमएपी दुसरी पोलर बॉडी अडवतं, म्हणून तिथला हिशोब २सीवरून ४सी असा होईल.

अंडाशयं थर्मॉसमध्ये ३०-३५ अंशांच्या सलाइनमधून आणा. निफाडकडून हिवाळ्यात पहाटे आणायची असतील तर साध्या पिशवीत तर मुळीच नको.

गोदाकाठ
मग मूळ एस फेज पाहायची तर?

पेशीपुराण
गाभण उंदरीला १२.५ ते १३.५ दिवसांच्या दरम्यान ईडीयू टोचून मादी गर्भांची अंडाशयं काढावी लागतील. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी. प्रकल्पाला चार महिने उरले असतील तर प्रोन्युक्लियसवरच थांबा.