राज्यक्रांतीच्या आधी फ्रान्समधला सरदाराचा मुलगा दिवसभर करायचा काय?

दुसरी घंटा

मंडळी, एका दीर्घांकावर काम करतोय. काळ १७८५, जागा फ्रान्स, नायक सतरा-अठरा वर्षांचा, सरदाराचा मुलगा. पहिला प्रवेश लिहून झालाय: झुंबरं, पत्त्यांचे डाव, पावडर लावलेले केसांचे टोप, आणि खिडकीबाहेर भुकेली जनता. आमच्या दिग्दर्शिकेने वाचून एवढंच विचारलं, "हा मुलगा सकाळी उठून करतो काय?" मला काही सांगता येईना. खर्चाला पैसे कोण देतं, बापाशी कसा बोलतो, पोटापाण्याची काळजी असते का, काहीच माहीत नाही. कुणाला एखाद्या खऱ्या माणसाचं उदाहरण माहीत असेल तर सांगा. व्हर्साय आणि केकवाली राणी सोडून!

रेनकर

तुमच्या दिग्दर्शिकाबाईंना नमस्कार सांगा, नेमकं बोट ठेवलंय त्यांनी.

मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेनला राहते. भारतातून कुणी आलं की पॅरिस उरकल्यावर त्यांना कोंबूरला नेते, सां-मालोच्या गाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. सात-आठ वेळा तोच किल्ला बघून झालाय. फ्रांस्वा-रने द शातोब्रियां तिथला, पुढे मोठा लेखक आणि परराष्ट्रमंत्री झाला तो. जन्म ४ सप्टेंबर १७६८, म्हणजे तुमच्या नायकाच्याच वयाचा. आपल्या घरच्या आठवणी त्याने भरभरून लिहिल्यात, मी सांगतेय ते बहुतेक त्यातलंच.

सगळ्यात आधी हे धरा की तो शेंडेफळ. दहा भावंडं, जगली सहा. ब्रिटनीच्या रिवाजाप्रमाणे सरदाराच्या मालमत्तेचे दोन तृतीयांश थोरल्याचे, उरलेल्या एका तृतीयांशात बाकीच्या सगळ्यांनी भागवायचं. थोरला जाँ-बातिस्त वतनाचा धनी, आणि हा नुसता 'शव्हालिए'. नावाला बिरुद आहे, पायाखाली जमीन नाही. अशा मुलांना वाटा तीन: आरमार, पायदळ किंवा चर्च. याला आधी आरमारासाठी ब्रेस्टला धाडलं. तिथे हुकमाची वाट बघून कंटाळला आणि न विचारता घरी परत आला. मग आईच्या मनात आलं, पाद्री होऊ दे. त्यालाही नाही म्हणाला. पुढची दोन वर्षं? काही नाही. तळ्याकाठी हिंडायचं, शिकारीला जायचं, बहिणीशी, ल्युसिलशी, बोलत बसायचं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे: वाट बघायची.

आता घर. किल्ला एवढा की शंभर घोडेस्वार राहतील, आणि राहणारी माणसं चार: आईबाप, ल्युसिल आणि हा. नोकर म्हणाल तर स्वयंपाकीण, एक दासी, दोन हुजरे, एक गाडीवान. पागेच्या कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या घोड्या आणि एक शिकारी कुत्रा. बाप उन्हाळा-हिवाळा पहाटे चारला उठायचा, मग दुपारपर्यंत आपल्या खोलीत. जेवण बाराला, रात्रीचं आठला.

तुमच्या नाटकासाठी खरा माल आहे तो आठनंतर. दिवाणखाना प्रचंड, मेणबत्ती एक. आई कोचावर पडून उसासे टाकतेय, ही दोघं शेकोटीशी. बाप पांढरा जाडाभरडा झगा आणि पांढरी टोपी घालून येरझारा घालतोय. उजेडापासून लांब गेला की दिसेनासा होतो, नुसती पावलं ऐकू येतात. मग हळूहळू अंधारातून पांढरा आकार पुढे येतो. तो लांब गेला की पोरं कुजबुजणार, जवळ आला की तो विचारणार, "काय बोलत होतात?" दोघं गप्प. पुन्हा पावलं. दहाचे ठोके पडले की चांदीचं शमादान उचलून, मुलांच्या गालपाप्यासाठी गाल पुढे करून तो झोपायला जायचा. तो गेला की तिघांना कंठ फुटायचा.

एवढ्यावर भागत नाही. पोराची झोपायची खोली एका सुट्या बुरुजात, एकट्याची. त्या किल्ल्याचा एक लाकडी पायाचा जुना सरदार रात्री जिन्यात फिरतो अशी वदंता, आणि कधी कधी म्हणे नुसता लाकडी पायच फिरतो, सोबत काळं मांजर. बाप उपरोधाने विचारायचा, "शव्हालिएसाहेबांना भीती वाटते की काय?" किल्ल्याच्या डागडुजीत भिंतीत सापडलेलं एक वाळून कोळ झालेलं मांजर आज तिथे काचेमागे ठेवलंय. माझ्या भाचीने ते बघितलं आणि परतीच्या गाडीत माझा हात सोडला नाही.

१७८६ मध्ये बापाने बोलावून सांगितलं: भावाने तुझ्यासाठी नाव्हार पलटणीत सबलेफ्टनंटची जागा मिळवलीय, निघ. हातात शंभर लुई (सोन्याची नाणी) आणि आपली जुनी तलवार दिली. शंभर लुई म्हणजे २४०० लिव्र. साध्या मजुराला दिवसाला एक-दीड लिव्र मिळायचा त्या काळात. बापाने मिठी मारली आणि पोराला गाडीत बसवलं. त्याच सप्टेंबरात बाप गेला, पुन्हा भेट नाही.

व्हर्साय नको म्हणालात तरी एक सांगतेच, कारण ते तुमच्या झुंबरांवरचं औषध आहे. फेब्रुवारी १७८७, भावाच्या हट्टाखातर याला सोळाव्या लुईसमोर उभं केलं. राजाच्या गाडीत बसायचा मान हवा तर १४०० सालापासूनची कुळी कागदोपत्री दाखवावी लागे. मग शिकार: करडा कोट, तांबडी बंडी, तांबडी विजार, सोनेरी किनारीची टोपी. नवख्याने राजाच्या पुढे जायचं नाही हा दंडक. याची घोडी उधळली आणि हा पडलेल्या सावजापाशी राजाच्या आधी हजर! राजा एवढंच म्हणाला, "फार वेळ तग नाही धरला त्याने." म्हणजे हरणाने. पुढच्या सोपस्काराला न थांबता शव्हालिएसाहेब पॅरिसला पसार. भाऊ कपाळ बडवत राहिला असणार.

हिशेबनीस

रेनकरताई, वर्णन सुरेख, पण थोडं हातचं राखून वाचा. हा गृहस्थ या आठवणी प्रौढपणी लिहीत बसला, पुन्हा पुन्हा घोटल्या, आणि त्या छापल्या गेल्या १८४८ साली तो वारल्यावर. अंधारातला बाप इतका देखणा उगाच नाही दिसत.

आणि किल्ला आला कुठून? बाप गरीब सरदारांपैकी, समुद्रावर जाऊन पैसा केला. न्यूफाउंडलंडची कॉड मासळी, आणि गुलामांचा व्यापारही. त्या पैशावर १७६१ मध्ये कोंबूर विकत घेतलं, आणि मग जुने हक्क दप्तरं उपसून वसूल करायला बसला. ४ सप्टेंबरला, म्हणजे पोराच्या वाढदिवशीच, तळ्याजवळच्या कुरणात जत्रा भरायची. गावकऱ्यांनी हत्यारं घेऊन किल्ल्यावर यायचं, धन्याचं निशाण उचलायचं आणि बाजारात प्रत्येक जनावरामागे धन्याची पट्टी वसूल होईल हे बघायचं. स्वतःच्याच खिशातून जाणाऱ्या पैशावर स्वतःच पहारा. तीन दिवस मेजवानी असायची हे खरं. साहेबलोक आत फिडलवर नाचायचे, रयत बाहेर अंगणात बॅगपाइपवर.

दुसरी घंटा, तुमची भुकेली जनता खिडकीबाहेर उभी करू नका. तिला अंगणात नाचू दे.

आणि सरदार कर देत नसत असं कुठे लिहिलं असेल तर खोडा. 'ताय' हा मुख्य कर त्यांना माफ होता, बाकी डोईपट्टी, विसावा हिस्सा वगैरे होतेच, भले हात राखून दिले असतील. १७८१ पासून तर पलटणीत थेट अधिकारी व्हायला चार पिढ्यांची सरदारकी सिद्ध करावी लागे, त्यामुळे सधन पण बिनकुळीची पोरं जळफळत होती ती वेगळीच.

मोडीवाचक

आपल्याकडचा धागा कुणी ओढला नाही म्हणून. पाद्री व्हायला नकार दिल्यावर या पोराने घरी जाहीर केलं होतं की मी कॅनडात जंगल तोडायला जाईन, नाहीतर हिंदुस्थानात तिथल्या राजांच्या फौजेत चाकरी धरीन. नुसती बडबड नाही, पाँडिचेरीला जायचं म्हणून सां-मालोत जाऊन राहिलाही. बापाने परत बोलावलं म्हणून हुकलं.

वेडगळपणा वाटेल, पण धाकट्या पातीच्या पोरांचा तो रूढ रस्ताच होता. महादजी शिंद्यांकडे १७८४ मध्ये द बॉइन्य रुजू झाला (तो शेजारच्या सव्हॉयचा, फ्रान्सचा नव्हे). तुकोजी होळकरांच्या कवायती पलटणींवर शव्हालिए दुद्रनेक होता, तो तर ब्रिटनीचाच. १७९३ च्या लाखेरीच्या लढाईत बॉइन्यने त्याच्या पलटणी कापून काढल्या. दोन परदेशी, दोन मराठी सरदारांचं भांडण. आपला शव्हालिए तेव्हा जहाजात चढला असता तर कदाचित मोडी कागदांत त्याचंही मोडकंतोडकं नाव वाचत बसलो असतो.

दुसरी घंटा

ताई, हिशेबनीस, मोडीवाचक, तिघांचेही आभार. पहिला प्रवेश फाडला. रेनकरताई, एकच शंका: थोरल्या भावाचं पुढे काय झालं?

रेनकर

एप्रिल १७९४ मध्ये गिलोटिन, बायकोसकट. तिचे आजोबा मालझर्ब, राजाचं वकीलपत्र घेतलेले, तेही त्याच दिवशी. दोन तृतीयांश ज्याचे तो आधी गेला. धाकटा तेव्हा इंग्लंडमध्ये परागंदा.

दुसरी घंटा

बरं. काल तालीम हॉलवर दिवे घालवून करून बघितलं. एक मेणबत्ती, आणि बाप झालेला आमचा नट बूट काढून चालत होता, ते ऐकूच येईना. आता लाकडी टाचेचे जोडे शोधतोय. पुण्यात कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.