भीती वाटते तेव्हा भिस्त कुणावर?

तिठा (धागा लेखक)
वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री संमतीपत्र पुढ्यात आलं. काय काय बिघडू शकतं याची बारीक अक्षरातली यादी. हात इतका थरथरत होता की सही चौकटीबाहेर गेली. त्याआधीचे आठ दिवस मी नुसती माणसं जमवत होतो. ओळखीतले तज्ज्ञ, दुसरं मत, तिसरं मत, रक्तदाते. प्रत्येक फोननंतर पाच मिनिटं बरं वाटायचं, की लगेच नवी शंका. आई शेजारी डोळे मिटून पुटपुटत बसली होती. माहिती माझ्याकडे दसपट, झोप मात्र तिला लागली.

बायबलमध्ये यशया संदेष्टा मिसरच्या (म्हणजे इजिप्तच्या) घोड्यांवर, रथांवर विसंबणाऱ्यांना खडसावतो: मिसरी ही माणसं आहेत, देव नव्हेत. त्या रात्री ते पटलं. माणसाच्या बळावर टेकलं की ते पुरेल का हे मोजत बसावं लागतं. देवावर टेकलं की मोजणी थांबते.

कोरडाठाक
मग सही कशाला केलीत? भूल देणारा, टाके घालणारा, रक्त देणारा, सगळी माणसंच. आणि आईंना झोप लागली कारण धावपळीला तुम्ही होतात. घरात एक जण जागा असला की दुसऱ्याला श्रद्धा परवडते.

गवाक्ष
शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, पण तिठा यांनी यशया अर्धाच सांगितलाय. त्याच्याच काळात, इ.स.पू. ७०१ मध्ये, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला. यहूदाचा राजा हिज्कीया राजधानी यरुशलेममध्ये मंदिरात जाऊन प्रार्थना करतो, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच हिज्कीयाने पाणी शहरात वळवलं होतं. त्याचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे ५३३ मीटरचा बोगदा आजही आहे, दोन्ही टोकांकडून खडक फोडत नेलेला. यशयाची तक्रार पाणी साठवण्याबद्दल नाही. तुम्ही तळं केलंत पण ज्याने हे घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत, असं तो म्हणतो. 'असेल माझा हरी'वाल्यांनीही हे वाचावं.

कोरडाठाक
छान उदाहरण दिलंत. त्या बोगद्यात एक कोरीव लेख सापडलाय. तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक ऐकू आली, असं त्यात आहे. अख्ख्या लेखात देवाचं नाव नाही. राजाचंही नाही. आहेत ते खोदणारे. शिवाय तुमच्या हिज्कीयाने मंदिराच्या दारांचं सोनं खरवडून सन्हेरीबाला खंडणी भरली, हेही बायबलातच आहे.

आणि यहूदातलंच दुसरं शहर, लाखीश? त्याच स्वारीत यरुशलेम वाचलं, लाखीश पडलं. तिथल्या बायका-पोरांना बैलगाड्यांवरून हाकलून नेतानाची शिल्पं सन्हेरीबाच्या राजवाड्यातून थेट ब्रिटिश म्युझियममध्ये आलीत. त्या गावात कुणी प्रार्थना केलीच नसेल?

सांजवात
मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. जप करणारे नातेवाईकही दर दोन मिनिटांनी मॉनिटरकडे बघतात. मोजणी कुणाचीच थांबत नाही हो.

गवाक्ष
लाखीशला माझ्याकडे उत्तर नाही. खंडणीबद्दल मात्र बोलतो. सोनं घेऊनही सन्हेरीबाचं सैन्य वेशीशी आलंच. राजा पोत्याचं वस्त्र नेसून मंदिरात गेला तो त्यानंतर, हातात द्यायला काही उरलं नव्हतं तेव्हा.

कोरडाठाक
म्हणजे देव शेवटचा पर्याय. हे तर मीच म्हणतोय.

तिठा
सांजवात, बरोबर आहे. 'मोजणी थांबते' हे मी जरा फुशारकीत लिहिलं. आईनेही पहाटे पहिला प्रश्न विचारला तो बीपीचा. कोरडाठाक, धावपळ माझी होती हे मान्य, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण ऑपरेशन थिएटरचं दार लागल्यावर पुढचे साडेपाच तास फोन करायला कुणी उरलं नव्हतं. त्या तासांत मी आईच्या शेजारी जाऊन बसलो. तुम्ही कुठे बसला असतात?

कोरडाठाक
तिथेच. आईंच्या शेजारी. पण डोळे उघडे ठेवून.