मदत हवी आहे: मुलगा गोलकीपर आहे, पण आता रेषा सोडून पुढेच येत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात क्रिकेटचं काही विचारलं असतं, तर पार्क चौकात चहा संपायच्या आत दहा जणांनी बॅट कशी धरायची ते दाखवलं असतं. फुटबॉलचं विचारायला माणूस शोधावा लागतो, म्हणून इथे लिहितोय.

मुलगा आठवीत आहे, शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघात गोलकीपर. उंची बेताची, हात मात्र चपळ. शालेय स्पर्धेत कॉर्नर आला तेव्हा हा बॉल पकडायला बरोबर पुढे गेला, पण बॉल ग्लोव्हजवरून निसटला आणि समोरच्या पोराने रिकाम्या गोलमध्ये ढकलला. त्या एका गोलने संघ हरला.

तेव्हापासून पोरगं रेषेला चिकटून बसलंय. बॉल दोन पावलांवर पडला तरी पुढे येत नाही. आधी "माझा!" अशी बोंब ठोकायचा, आता तोंडातून शब्द नाही. गंमत म्हणजे जवळून मारलेले जोरदार शॉट अजून मस्त अडवतो. म्हणजे बॉलची भीती नाही. पुढे जाऊन चुकलो तर सगळे माझ्याकडे बघतील, ही भीती आहे, असा माझा अंदाज. संघातली दोन-तीन पोरं त्याला "चाळणी" म्हणतात, हे त्याच्या बहिणीकडून कळलं.

घरात आजोबांचं एकच पालुपद, मन घट्ट कर. आत्या म्हणते, सोडून दे आणि अभ्यास कर. सर चांगले आहेत, पण कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स सगळं त्यांच्याच गळ्यात. गोलकीपरचा सराव म्हणजे काय, तर बाकीच्यांनी रांग लावून जवळून शॉट हाणायचे. त्यात मैदान मुरमाचं, एक डाइव्ह मारली की कोपर सोलून निघतं.

त्याला दुसऱ्या जागेवर खेळवावं का? घरच्या घरी कसला सराव घेता येईल? आणि सामन्यानंतर त्याच्याशी बोलायचं तरी काय?

प्रतिसाद: करवीरचा गोली

आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण "मन घट्ट कर" हे ऐकून कुणाचं मन घट्ट झालेलं मी आमच्या कोल्हापुरात तरी पाहिलं नाही. पोराला काम द्या.

जागा बदलू नका, निदान आत्ता. नुसता पुढे येण्याचाच सराव घ्या. तुम्ही पाच-सात पावलांवरून हाताने उंच बॉल टाका, आसपास कुणी नको. त्याने पुढे येत एक गुडघा वर घेऊन उडी मारायची आणि बॉल डोक्याच्या वर, जमेल तितक्या उंचीवर धरायचा. हे अंगवळणी पडलं की मध्ये एक पोरगा नुसता उभा करा. मग त्याच पोराला हलका धक्का द्यायला सांगा. पकडायची खात्री नसेल तर दोन्ही मुठींनी उंच आणि बाजूला ठोसा, मध्ये नाही. आणि प्रत्येक वेळी ओरडायचं, अगदी एकटा असला तरी. आवाज आला की डिफेंडर वाटेतून बाजूला होतो, शिवाय ओरडून झाल्यावर पाय आपोआप पुढे पडतो.

मुरमावर डाइव्ह शिकवू नका. लांब उडीचा वाळूचा खड्डा असेल तर तिथे न्या. आधी गुडघ्यावर बसून कुशीवर पडणं, मग उकिडवं, मग उभ्याने. पोटावर आणि कोपरावर पडायचं नाही. अंग शेकलं नाही की अर्धी भीती जाते.

अजून एक. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. तुमच्याकडे मुलांना तेच पोल असतील तर डोक्यावरून गेलेले काही बॉल कुणाच्याही बापाला अडणार नाहीत. हे त्याच्या संघाला स्पष्ट सांगा.

प्रतिसाद: खवचट काका

सोलापुरात फुटबॉल खेळून करणार काय? आत्या बरोबर बोलतेय.

प्रतिसाद: दोन मुलींची आई

काकांना सोडून द्या.

"चाळणी" हे सरांच्या कानावर घालाच, पण पोरासमोर नको. टोमणे गिळणं म्हणजे कणखरपणा, असं मुलांना वाटू लागतं आणि ते वाईट. सर आणि तो मिळून आधीच ठरवू देत की गोलसमोरच्या छोट्या चौकटीत पडणारा उंच बॉल त्याचा, बाहेरचा डिफेंडरचा. मग चुकला तरी ठरल्याप्रमाणे गेला होता, हे सगळ्यांना माहीत असतं.

गोल खाल्ल्यावर करायचं एक ठरावीक काम हवं. माझी मुलगी बॉल जाळीतून स्वतः काढून मध्याकडे फेकते, ग्लोव्हजचे पट्टे पुन्हा आवळते आणि डिफेंडरला नाव घेऊन काहीतरी सांगते. रडायला वेळच उरत नाही. घरी येताना मी गोल किती खाल्ले ते विचारत नाही. "किती वेळा पुढे आलीस?" एवढंच. तेही तिला बोलायचं असेल तर.

प्रतिसाद: जुना शौकीन

त्याला सोव्हिएत संघाचा गोलकीपर लेव याशिन याच्याबद्दल सांगा. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध रशियाने, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाने, ४-१ अशी आघाडी घालवली, सामना ४-४ झाला. त्यातला एक गोल तर थेट कॉर्नरवरून! मायदेशी याशिनवर खूप टीका झाली. पुढच्याच वर्षी, १९६३ ला, त्याला बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. पुरुषांमध्ये तो मिळालेला आजपर्यंतचा एकमेव गोलकीपर.

पेनल्टीचंही एक सांगतो. २००७ साली इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या. जवळपास २९ टक्के बॉल मधोमध आले होते. पण गोलकीपर मध्ये थांबले ते फक्त सहा टक्क्यांच्या आसपास. उडी मारून हुकलं तर प्रयत्न दिसतो, उभं राहून हुकलं तर लोक बोलतात. लोकांच्या नजरेची धास्ती व्यावसायिक खेळाडूंनाही असते, तुमचा तर आठवीतला आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काका, तुमचेही. सरांशी बोललो. वाळूचा खड्डा ऊन चढायच्या आत वापरा म्हणाले, आणि "चाळणी"चं ते बघतो म्हणाले. याशिनचा कॉर्नर ऐकून पोराने आधी विश्वासच ठेवला नाही, मग मोबाइल मागून घेतला.

एकच विचारायचं राहिलं: ग्लोव्हज जुने झालेत, तळवा गुळगुळीत लागतो. नवीन घ्यावेत का?

करवीरचा गोली

घ्या, पण वाढत्या मापाचे घेऊ नका, बॉल तिथेच निसटतो. बोटापुढे थोडीच जागा हवी. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत आणि धुळीत खेळायच्या आधी तळवा पाण्याने किंचित ओला करायला सांगा, पकड चांगली बसते.