सिंथने ड्रम कोर मारलं म्हणे! (जुना_बिगुल यांना उत्तर)

मेलोफोनची_आई

परवा जुना_बिगुल यांनी ठोकून दिलं की "2009 ला सिंथ आला आणि ड्रम कोर मेलं, आता पब्लिक फक्त सौजन्य म्हणून टाळ्या वाजवतं". तिथेच उत्तर द्यायला बसले पण फारच लांबलं म्हणून हा वेगळा धागा. (नवख्यांसाठी: ड्रम कोर म्हणजे अमेरिकेत मैदानावर कवायत करत ब्रास आणि ड्रम वाजवणारी पोरांची पथकं, त्यांच्या स्पर्धा असतात. सिंथ म्हणजे विजेवरचा कीबोर्ड.)

काका, 2009 ला एक नाही, दोन गोष्टी झाल्या. डीसीआयने, म्हणजे या स्पर्धा घेणाऱ्या संस्थेने, सिंथसारख्या इलेक्ट्रॉनिक्सला परवानगी दिली आणि त्याच वर्षी फायनल्स इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियममध्ये आल्या, म्हणजे उघड्या मैदानातून छताखाली. तुम्ही शिव्या पहिलीला घालताय आणि कान दुखतायत दुसरीमुळे. तिथे हॉर्नलाइनने (सगळ्या ब्रासवाल्यांनी मिळून) एक हिट, म्हणजे दणदणीत सूर, मारला की आवाज समोर येतो, मागच्या भिंतीवर जातो, वर जातो, परत येतो, तोवर पुढचा फ्रेज सुरू झालेला असतो. त्यात सिंथचा लो बास मिसळला की सगळं गोळा होतं हे मलाही मान्य आहे. पण तोच शो, तेच स्पीकर, तोच सिंथ पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला ऐका ना. उघडं स्टेडियम, मैदानाच्या उरावर बसलेलं पब्लिक, आणि लोक शो संपायच्या आधीच उभे! मुलगी टूरवर असताना दोन्हीकडे बसलेय मी, ऐकीव सांगत नाहीये.

आणि वाद्यांनीच जर उत्साह ठरत असेल तर ब्लूकोट्स कोरचा 2014 चा टिल्ट नावाचा शो काय होता? शेवटी अख्ख्या हॉर्नलाइनने सिंथच्या साथीने सूर खाली वाकवला तेव्हा पब्लिक किंचाळत होतं. सौजन्य म्हणून किंचाळतात का हो लोक?

जुना_बिगुल

ताई, किंचाळतात. सर्कशीतही किंचाळतात.

मी शिकायला आलो तेव्हा सगळे जी बिगुल (जी सुरातले जुने ब्रास) वाजवायचे. सूर थोडा इकडेतिकडे असायचा, कबूल, पण पन्नास-साठ हॉर्न एकदम तुमच्याकडे वळले की छातीत धडका बसायच्या. माइक नाही, स्पीकर नाही, जे काय ते पोरांच्या फुप्फुसातलं. मग 2000 ला म्हणाले कुठल्याही कीचं (पट्टीचं) ब्रास चालेल, 2004 ला ॲम्प्लिफिकेशन (माइक-स्पीकर), 2009 ला सिंथ, 2014 ला ट्रॉम्बोन. दर वेळी "एवढंच हो, याच्यापुढे नाही". आता हिटच्या खाली तो जो 'गू' ओततात (सिंथचा जाड बास, इथलेच लोक त्याला इंग्रजीत goo म्हणतात, मराठीत वाचून हसू नका) त्यात कॉन्ट्रा (खांद्यावरचा ट्युबा) वाजवणारं पोर खरंच वाजवतंय का नुसतं उचलून पळतंय ते कळतसुद्धा नाही. मी पैसे त्या पोराला ऐकायला भरले होते, साउंडबोर्डवर बसलेल्या माणसाला नाही.

2008 आठवा. फँटम रेजिमेंट कोरचा स्पार्टाकस शो. 0.025 ने जिंकले, आणि पब्लिक निकालाच्या आधीच वेडं झालं होतं. सिंथ होता का? नव्हता.

मेलोफोनची_आई

मग 1993 पण आठवा की. स्टार ऑफ इंडियाना कोर. सिंथ नाही, माइक नाही, तुमचे लाडके जी बिगुल. बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं वाजवलं, वाजवलं पण काय भन्नाट, आणि पब्लिकमधल्या काहींनी हुर्यो केली! कॅडेट्स कोरकडून 0.1 ने हरले. आज त्याच शोला सगळे जुने लोक हात जोडतात. म्हणजे पब्लिक थंड पडायला वीज लागत नाही. लोकांना ओळखीची चाल मिळाली नाही, टाळीची जागा मिळाली नाही की ते गप्प बसतात, मग हातात बिगुल असो नाहीतर कीबोर्ड.

रिमशॉट

काका, ताई, दोघंही हॉर्नवरच अडकलायत. स्नेअर ड्रम घेऊन मार्च केलाय म्हणून सांगतो, सगळ्यात मोठा बदल सिंथ नव्हताच, केवलार (मजबूत कृत्रिम धागा) होता. आधी मायलर प्लास्टिकची हेड्स, म्हणजे ड्रमची पानं, असायची, एका मर्यादेपुढे ताणली की फाटायची. केवलार आलं आणि एवढं ताणायला लागले की जुन्या पद्धतीचं शेलच (ड्रमचं खोड) ते सहन करेना, मग शेलवर ताण न येणारे फ्री फ्लोटिंग ड्रम बनवावे लागले. टक टक टक, प्रत्येक नोट सुटी ऐकू येते, जजला वरच्या बॉक्समध्ये सगळं स्वच्छ कळतं. पण ड्रमचा जो घुमारा होता तो गेला, आणि तो गेल्यावर खालची पोकळी भरायला बास लागतो. मग सिंथ येणारच ना.

आणि 100 पैकी 40 मार्क जनरल इफेक्टला (शोच्या एकूण परिणामाला) आहेत आणि ते देणारा माणूस वर बसतो. डिझाइन त्याच्या कानासाठी होतं. खाली स्वस्तात बसलेल्याच्या तोंडासमोर पिटचे (मैदानाच्या पुढच्या कडेला उभ्या वाद्यांचे) स्पीकर. त्याला मॅरिंबा आणि गू ऐकू येतो, हॉर्न नाही. तिकीट कुठलं काढलं त्यावर तुमचं मत ठरतं.

टिपरूवाला

वा रिमशॉट! अगदी हेच आमच्या पथकात चाललंय. मी न्यू जर्सीत ढोल वाजवतो. आधी चामड्याची पानं होती, मिरवणुकीत दोन थेंब पडले की पान ढिलं, ढोल भद भद करायला लागतो. फायबर आलं आणि जीव वाचला. पण चामड्याचा तो पोटातला आवाज फायबरला नाही तो नाहीच. पब्लिक नाचतं, पण पूर्वी लहान पोरं घाबरून आईला बिलगायची, आता कानावर हात ठेवतात.

गप्पिष्ट_कोथरूड

धाग्याचा विषय मला अर्धाच कळला, यूट्यूबवर दोनतीन शो पाहिलेत (क्लॅरिनेट, सॅक्सोफोनला अजून बंदी का आहे कुणी सांगेल का?), पण फायबरला नावं ठेवू नका. पुण्यात भर पावसात लक्ष्मी रोडवर तासन् तास वाजवायचं तर चामड्याचे लाड परवडत नाहीत. अमेरिकेत बसून चामड्याच्या आठवणी काढायला काय जातंय. इथे 2024 ला हरित लवादाने एका पथकात 30 च माणसं म्हणून आदेश काढला होता, सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली म्हणून वाजलं. 30 ढोलांत काय होतंय? संख्या पाहिजे. संख्या असली की पान कुठलं का असेना, अंगात येतंच.

टिपरूवाला

अमेरिकेत बसून म्हणजे? चौदावर्षांचा असल्यापासून पुण्यातच वाजवलंय मी, अंगठ्याचं कातडं गेलेलं अजून दाखवेन. आणि संख्येचं म्हणाल तर तीच तर बोंब आहे. ढोल शेकड्याने आणि ताशे मोजके. ताशा ऐकू येत नाही तर ढोलाने धरायचं कशाला? एकाच ठेक्यावर अर्धा तास धडाधड बडवणं याला वादन म्हणायचं का?

गप्पिष्ट_कोथरूड

बडवणं?? वर्षभर नोकऱ्या करून पोरं सरावाला येतात, मैदानाशेजारचे लोक पोलिसात तक्रार करतात, ते सगळं सोसून वाजवतात आणि तुम्ही बडवणं म्हणता. समोरच्या मंडळाच्या डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून दाखवा तुमचा नाजूक ताशा घेऊन.

जुना_बिगुल

अहो कोथरूड, तुम्ही माझीच बाजू मांडलीत, धन्यवाद. डीजेची भिंत आली की माणसाने वाजवलेलं हरतं म्हणून तुम्ही चिडता ना? मी तेच म्हणतोय, फक्त आमच्याकडे डीजे पथकाच्या आतच घुसलाय. आणि क्लॅरिनेटचं नाव काढू नका, तेवढं एकच पाप करायचं राहिलंय.

रिमशॉट

काका, तो डीजे नाही हो. पोरगं समोर कीबोर्डवर बोटांनी वाजवतंय, त्यानेही सगळ्यांएवढीच ऑडिशन दिलीय, टूरवर तोही जिमच्या फरशीवर झोपतो, त्यालाही ऊन लागतं. त्याचे आईवडील पण तेवढीच फी भरतात.

मेलोफोनची_आई

फी चा विषय काढलाच आहेस तर... नको. हजारो डॉलर, वर विमानाची तिकिटं, बूट, ग्लव्ज. आणि त्यातला किती भाग प्रॉप्स आणि साउंड सिस्टीमच्या ट्रकवर जातो देव जाणे. 90 वर्षं जुना कॅडेट्स 2024 ला बंद पडला (कारणं वेगळी होती, कोर्टकज्जे होते, माहितीये). पण जी छोटी कोर आहेत त्यांनी ब्लू डेविल्ससारख्या मोठ्या कोरची सिस्टीम कुठून आणायची? काका, सिंथविरुद्ध हा मुद्दा मांडला असतात तर मी गप्प बसले असते. तुम्ही मात्र छातीतल्या धडका घेऊन आलात.

जुना_बिगुल

बरं, तो मुद्दाही माझाच समजा. छताबद्दल तुमचं निम्मं मान्य, ॲलनटाउनला मला पण मजा आली होती. पण तिथेसुद्धा मी उभा राहिलो ते बॅलडमध्ये (संथ गाण्यात) स्पीकर बंद करून पोरं नुसती हॉर्नवर वाजवत होती तेव्हा. बघा, त्या क्षणाला सिंथवाल्याने हात खिशात घातले होते.

मेलोफोनची_आई

त्याआधी तो वाजवत होता म्हणूनच तो बंद झालेला तुम्हाला कळला ना! आधीपासून शांतताच असती तर उभे राहिला असतात का?

जुना_बिगुल

1988 ला मॅडिसन स्काउट्स कोरसाठी उभा राहिलो होतोच की, आधी कुणी काही बंद न करता.

गप्पिष्ट_कोथरूड

टिपरूवाले, "बडवणं" मागे घ्या आधी.

टिपरूवाला

घेतो. ताशे वाढवा, मग घेतो. आणि तुमच्याकडे चांगली फायबर पानं कुठे मिळतात तेवढं सांगा, डिसेंबरात भाऊ येतोय, त्याच्या बॅगेत बसली तर बघतो. साइज व्यक्तिगत निरोपात कळवतो.