डोंगरातल्या शेतावर वसंतातली सुट्टी: बुकिंगपासून बुटांपर्यंत

रानवाट:
मुलांना घेऊन वसंतात डोंगरातल्या शेतावर राहायचं तर काय विचारायचं, काय न्यायचं आणि कुठे फसगत होते, हे एका जागी जमवूया. प्रवासवर्णन नको, कामाचं लिहा.

सुरुवात उंचीपासून. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली झाडं फुललेली असतात, वर गोठ्यामागे अजून बर्फ असतो. म्हणून वसंत कॅलेंडरवर शोधू नका, मालकालाच विचारा: गुरं चरायला सोडली का? शेवटचा रस्ता कच्चा आहे का? कोकरं कधी? मेंढीचा गाभणकाळ जेमतेम पाच महिन्यांचा. कळपात एडका कधी सोडला हे ज्याला आठवतं, तो कोकरांचा आठवडा सांगू शकतो. 'या की, असतीलच' असं उत्तर आलं तर कोकरं बघायच्या आशेवर तारखा पक्क्या करू नका.

गोठेकर:
पशुवैद्यकाच्या बाजूने एक भर. घरात कुणी गरोदर असेल तर मेंढ्या विण्याच्या दिवसांत त्यांच्या जवळ जाणं नकोच. विणारी मेंढी, ओलं कोकरू, वार (विल्यावर बाहेर पडणारी नाळेची पिशवी) यांतून टॉक्सोप्लाज्मा, लिस्टेरिया आणि मेंढ्यांचा गर्भपात घडवणारा क्लॅमिडिया हे पोटातल्या बाळाला धोक्याचे रोगजंतू येऊ शकतात. गोठ्यात जाऊन आलेल्यांचे कपडे-बूटही तिने धुऊ नयेत. हे फार कमी यजमान आपणहून सांगतात.

कोकराला बाटली पाजताना त्याला मांडीवर उताणं घेऊ नका. फोटो छान येतो, पण दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कोकरू चार पायांवर उभं, मान किंचित वर, बाटली आईच्या सडाच्या उंचीला. दूध अंगाइतकं कोमट, म्हणजे ३८-३९ अंश. नुकत्याच जन्मलेल्याला तर हातच लावायचा नाही. पहिल्या सहा तासांत चीक पोटात जायला हवा. मध्ये माणसांची गर्दी झाली तर आई कोकराला नाकारू शकते, मग त्याला बाटलीवरच वाढवावं लागतं.

चिमणचारा:
+१. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका. वासरा-कोकरांच्या शेणातला क्रिप्टोस्पोरिडियम, म्हणजे जुलाब घडवणारा परजीवी, अल्कोहोलला दाद देत नाही. साबण, वाहतं पाणी, २० सेकंद. जनावरांकडून आल्यावर आणि खाण्याआधी. बाळाची चोखणी खोलीतच ठेवा. गोठ्यात खाऊ नाही. दूध 'ताजं, आत्ताच काढलेलं' म्हणून पुढे आलं तरी उकळूनच द्या.

ओलेगमबूट:
वसंतात वर थंडीपेक्षा चिखल जास्त छळतो. खालची जमीन गोठलेली, वर बर्फ वितळतोय, पाणी मुरायला जागाच नाही. मुलांना गमबूट आणि आत लोकरी मोजे. प्रत्येकी तीन जोड तरी लागतात. जीन्स अजिबात नको, भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते.

भिजलेले चामडी बूट शेगडीला टेकवून ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो, चामडं तडकतं. आतलं तळपान बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे ठासा, दोन-तीन तासांनी बदला. सकाळपर्यंत पायात घालण्याजोगे होतात.

रानवाट:
शेगडीवरून आठवलं: झोपायची खोली लाकडाच्या किंवा कोळशाच्या शेगडीने तापवत असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. नसेल तर बॅटरीवरचा सोबत न्या.

पाणलोट:
ओढ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! सकाळी घोट्याएवढा असतो, दुपारी उन्हाने बर्फ वितळला की संध्याकाळकडे मुलाच्या मांडीपर्यंत येतो. ओलांडायचा असेल तर परतीची वेळ धरून ठरवा. ओढ्यावर उरलेल्या बर्फाच्या पुलावर कुणीही पाय ठेवायचा नाही, तो खालून पोखरलेला असतो.

ऊनही फसवं. अतिनील किरणं दर १००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, त्यात बर्फ ती खालून परतवतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

गोठेकर:
आणखी दोन. वासरू आणि गाय यांच्यामधून चालू नका. सोबत कुत्रा असेल तर साखळी हातात ठेवा, पण गाय अंगावर आली तर सोडून द्या. तिचा राग बहुधा कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

चिमणचारा:
गोचीड राहिली. गवतातून आल्यावर रोज तपासा: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढा. तेल, मेणबत्ती, नेलपॉलिश काही नको. तारीख लिहून ठेवा; पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना ती लागते.

ओलेगमबूट:
निघताना गमबुटांचे तळवे ब्रशने घासून तिथेच धुवा. त्याच चिखलाने दुसऱ्या शेतावर गेलात तर एका कळपाचा रोग दुसऱ्याकडे पोचवाल.