नगरसेवकाला परत बोलावता येतं का?

गल्लीतला_गण्या
मंडळी एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून सह्या गोळा करणं चाललंय, नगरसेवकाला परत बोलवा म्हणून. जानेवारीत मतं मागायला रोज दारात उभा, आता ड्रेनेजचं पाणी पार्किंगमधे येतंय तर फोन उचलत नाही आणि चुकून उचललाच तर "माणूस पाठवतो". माणूस येतो, फोटो काढतो, जातो. एकाचा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोला असतो, तो सांगतो की तिकडे सप्टेंबर २०२५ मधे लोकांनी आधी सह्या आणि मग मतदान करून जोएल एन्गार्डियो नावाच्या त्यांच्या नगरसेवकाला घरी बसवलं, का तर समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद करून तिथे पार्क करायच्या बाजूने तो उभा राहिला. आपल्याकडे आहे का असं काही? (भागाचं नाव टाकत नाही, लगेच फोन येतात.)

निवृत्त_हेडक्लार्क
नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात मतदारांनी परत बोलावायची सोयच नाही. पद जातं ते तिसरं अपत्य, अनधिकृत बांधकाम, जातपडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत न देणं असल्या कारणांनी. फोन उचलत नाही हे कारण त्यात बसत नाही. गावात थेट निवडून आलेल्या सरपंचाला तरी काढता येतं, आधी सदस्यांचा अविश्वास ठराव आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदान. शहरात तेवढंही नाही.

कात्रजचा_बोगदा
मध्य प्रदेशात आहे की. २००१ ला अनूपपूरच्या नगराध्यक्षांना लोकांनी मतदान करून काढलं होतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, खाली कुर्सी (म्हणजे रिकामी खुर्ची) आणि भरी कुर्सी. छत्तीसगडमधे पण २००८ ला तीन नगराध्यक्ष गेले. पण हे सगळे अध्यक्ष बरं का, साधा नगरसेवक नाही, आणि सुरुवात लोकांनी करायची नसते, आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सही करायची. म्हणजे घरातलेच फितूर झाले तरच. बिहारमधे थेट नगरसेवकासाठी कलम आहे पण तिथे वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी दोन तृतीयांश सह्या लागतात. आपल्या पुण्यात निम्मे लोक मतदानाला आणायचे तरी जीव मेटाकुटीला येतो, सही करायला दोन तृतीयांश कुठून आणणार?

मिसळ_विदाऊट_पाव
आणि परत बोलावणार कुणाला? एका प्रभागात अ, ब, क, ड असे चार नगरसेवक आहेत. ड्रेनेज विचारलं की अ म्हणतो ते ब कडे, ब म्हणते क ला विचारा, आणि ड फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसतो 😀 शिवाय उद्या रिकॉल (परत बोलावायची सोय) आलाच तर पहिल्या सह्या जानेवारीत पडलेला उमेदवार गोळा करेल, तुमचं ड्रेनेज राहील बाजूला.

गल्लीतला_गण्या
बरोबर आहे, आम्ही चौघांपैकी ज्याचं ऑफिस जवळ आहे त्याच्याच नावाने बोंबलतोय. बाकी तिघांची नावं ग्रुपवर कुणाला पटकन आठवेनात. पण मग काय, पाच वर्षं नुसतं बघत बसायचं? आधीच २०२२ पासून चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा तर ओरडायलाही कुणी नव्हतं.

निवृत्त_हेडक्लार्क
बसू नका. त्याच महानगरपालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा आहे, म्हणजे नगरसेवकाने भागातल्या मतदारांची घ्यायची सभा. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार घ्यायच्या असतात, नाही घेतल्या तर पद जाऊ शकतं असं लिहिलंय. आपल्याकडे हे जवळपास कुणी वापरतच नाही, लोकांना नाव माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते कशाला सांगतील. तुमच्या सह्या वाया घालवू नका, वरचा मजकूर बदला, "परत बोलवा" खोडून "क्षेत्रसभा बोलवा" लिहा.

गल्लीतला_गण्या
हे भारी आहे. रविवारी मीटिंगमधे ठेवतो. पत्र चौघांपैकी कुणाला द्यायचं?

निवृत्त_हेडक्लार्क
चौघांनाही, वेगवेगळं. एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात. आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली पोच घ्या, व्हॉट्सॲपवरची निळी टिक म्हणजे पोच नव्हे.