वणवा जवळ आला तेव्हा हातातलं काम : अनुभव सांगा

फेल्टन, कॅलिफोर्निया

मी रहस्यकथा लिहिते, बहुतेक दिवाळी अंकांसाठी. ऑगस्ट हा आमचा धावपळीचा महिना, कारण संपादकांचे फोन तेव्हाच सुरू होतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये माझी कथा निम्मी झाली होती आणि घरामागच्या डोंगरांत आग लागली. त्या दिवसांत घर, स्वयंपाक आणि लिहिणं कसं चाललं ते आधी मी सांगते, मग तुम्ही सांगा. लेखकच हवेत असं नाही. विणणाऱ्या, शिवणाऱ्या, हाताने काहीही करणाऱ्या सगळ्यांनी लिहावं.

16 ऑगस्टच्या पहाटे गडगडाटाने जाग आली. आमच्या भागात उन्हाळा कोरडा असतो, वीज तर क्वचितच दिसते. त्या पहाटे आभाळ सारखं उजळत होतं आणि पाऊस मात्र नावालाच. त्या विजांनी सांता क्रूझच्या डोंगरांत ठिकठिकाणी आगी लागल्या. 18 तारखेच्या रात्री वारा फिरला आणि बिग बेसिनचं जंगल पेटलं. कॅलिफोर्नियातलं हे सर्वांत जुनं राज्य उद्यान, 1902 सालचं. तिथल्या जुन्या लाकडी इमारती जवळपास सगळ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काळी पानं पडलेली होती. टॅनओक झाडाची, वाऱ्याबरोबर कित्येक मैल उडत आलेली. एक मी तळहातावर घेतलं. पूर्ण कोळसा झालेलं, पण शीर न् शीर दिसत होती, कडेचे दातेही शाबूत. बोट लागताच त्याची पूड झाली. माझ्या त्या वेळच्या कथेत खुनी वाड्याला आग लावतो आणि सगळे पुरावे नष्ट होतात, सगळं रहस्य त्यावरच उभं होतं. आणि इथे जळलेलं पान मला आपलं झाड कोणतं ते सांगत होतं. तेव्हा मी फक्त हात धुतला आणि सामान भरायला घेतलं.

घर सोडायचा आदेश आला तेव्हा गाडीत काय गेलं ते सांगते: पासपोर्ट, औषधं, लाल फडक्यात बांधलेले देव, लॅपटॉप, कथेची वही. कढीपत्त्याची कुंडी राहिली. आठ वर्षं सांभाळलेलं झाड होतं ते. शेवटचं पाणी घालताना पानांवरची राख ओघळून माती करडी झाली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सनीव्हेलला मैत्रिणीकडे गेलो. करोनाचा काळ, म्हणून त्यांच्या गॅरेजमध्ये आमचा वेगळा संसार. खिडक्यांच्या फटीला ओले टॉवेल, आणि चौकोनी पंख्याला मर्व्ह-13 फिल्टर टेपने चिकटवून केलेलं हवा गाळायचं यंत्र. धुरात घरात आणखी धूर करू नये म्हणून फोडणी बंद, तळण बंद, उदबत्ती बंद. आणि 22 तारखेला गणेश चतुर्थी! उकडीचे मोदक केले, वाफेला कुणाची ना नव्हती. धूप लावला नाही. निरांजन मात्र आरतीपुरतं लावलं आणि लगेच शांत केलं. आगीपासून पळून आल्यावर काडी ओढताना माझा हात थबकला होता. मैत्रिणीने न बोलता पेटी माझ्याकडून घेतली आणि वात लावली.

लिहिणं सुरू राहिलं, पण तुकड्यातुकड्यांनी. सकाळ-संध्याकाळ अग्निशमन दलाचं निवेदन ऐकायचं, नकाशा बघायचा, हवा किती खराब आहे त्याचा आकडा बघायचा आणि मधल्या वेळात अर्धं पान. संवाद जमत होते, वर्णनं जमत नव्हती. मग मी लिहिणं थांबवून वाचायला घेतलं, वणव्याचा तपास करणाऱ्यांना काय शिकवतात ते. आग कुठून सुरू झाली हे ते जमिनीवरून वाचतात. आग जोरात पुढे धावली तिथे लाल निशाण, बाजूला पसरली तिथे पिवळं, वाऱ्याविरुद्ध हळूहळू मागे सरकली तिथे निळं. मंद आगीत गवताची काडी बुडाशी जळते आणि शेंडा न जळता खाली पडतो, ज्या दिशेने आग आली त्या दिशेला तोंड करून. दगड ज्या बाजूने आग आली त्या बाजूला जास्त डागाळतो. अशी शेकडो चिन्हं एकत्र वाचत माणसं रांगत रांगत उगमापर्यंत पोचतात.

त्या रात्री मी कथेची शेवटची बारा पानं काढून टाकली. आग पुरावा पुसते, हे मी कथांमध्ये कितीदा लिहिलं होतं! ते मला आता लिहवेना. नव्या शेवटात वाड्यामागच्या उतारावर निवृत्त वनरक्षक गुडघ्यांवर बसतो आणि पडलेल्या गवताच्या काड्या बघत बघत मागे जातो. एवढंच. कथा आठ दिवस उशिरा गेली, संपादकांनी सांभाळून घेतलं.

आमचं घर वाचलं. बोल्डर क्रीकच्या बाजूला मात्र ओळखीच्या कितीतरी जणांची घरं गेली. 86,509 एकर जळाले. आग पूर्ण आटोक्यात यायला 22 सप्टेंबर उजाडला.

सॅन होजे

माझा अनुभव त्याच्या दोन वर्षं आधीचा. 8 नोव्हेंबर 2018 ला कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, 85 माणसं गेली. आम्ही दोनशे किलोमीटरहून लांब होतो, तरी धूर आठवडाभराहून जास्त घरात होता. 16 तारखेला मुलांच्या शाळाही बंद ठेवल्या. मी तेव्हा पहिली कादंबरी लिहीत होतो, तीही रहस्यकथाच. रोज पहाटे पाच ते सात लिहायचो. त्या दिवसांत टेबलाशी बसायचो आणि मृतांची यादी वाचत राहायचो. बरेचसे म्हातारे होते. एका ओळीत वय, एका ओळीत नाव. माझ्या कथेतला पहिला खून मी अगदी सहज करून टाकला होता, वाचकाला धक्का हवा म्हणून. त्या माणसाला वयसुद्धा दिलं नव्हतं. मी मागे जाऊन त्याला वय दिलं, घर दिलं, सकाळचा चहा दिला. खून दुसऱ्या प्रकरणात ढकलला.

आणि तुम्ही उगमाचं लिहिलंत म्हणून सांगतो. त्या आगीचा उगम सापडला तो विजेच्या उंच मनोऱ्यावर. तार धरून ठेवणारा लोखंडी आकडा, ती वाहिनी साधारण शंभर वर्षांपूर्वीची, घासून घासून झिजला आणि तुटला. झिजलेल्या त्या धातूनेच साक्ष दिली.

सातारा जिल्हा

वडील वनखात्यात होते म्हणून लिहितेय. आमच्याकडे हिवाळ्यातच जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून किंवा कापून मोकळा करायचा, म्हणजे वणवा ओलांडून पलीकडे येत नाही. वणवा लागला की हिरव्या फांद्यांनी झोडपायचा. बाबा घरी आले की सदऱ्याला छोटी छोटी भोकं असायची, ठिणग्यांची. आई ती रफू करायची. मी तिच्याकडूनच शिकले, आज रफूचंच काम करते. पुष्कळ वणवे मुद्दाम लावलेले असतात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने. बाबांना लावणारा कळायचा, पण तो गावातलाच असायचा. ताई, तुमच्या वनरक्षकाला हे नक्की माहीत असणार.

फेल्टन

नव्हतं हो माहीत. माझ्या कथेतला माणूस बाहेरगावचा होता. हा धागा मी ती कथा लिहायच्या आधीच काढायला हवा होता!

सिडनी

2019 च्या शेवटी ब्लू माउंटन्सकडचा धूर शहरभर होता, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. मी आजोबांकडून ऐकलेल्या भुताच्या गोष्टी रेकॉर्ड करते. त्या महिन्यात आवाजच बसला, घसा खवखवायचा. म्हणून रेकॉर्डिंग सोडून लिहायला लागले. एक बातमी मात्र मला पुरून उरली. वोलेमी पाइन हे डायनासोरच्या काळातल्या कुळातलं झाड, 1994 मध्ये जिवंत सापडलेलं. जंगलात मोजकीच आहेत आणि जागा गुप्त ठेवलेली आहे. आग जवळ आली तेव्हा तिथे विमानांतून आगरोधक टाकलं आणि दोरावरून माणसं उतरवून पाण्याची सोय केली. झाडं वाचल्यावरच जानेवारी 2020 मध्ये जगाला सांगितलं. लपवणाऱ्यांनी प्रेमापोटी लपवलेली जागा, अशी रहस्यकथा मी तोवर वाचली नव्हती. ती लिहायला घेतली आहे.

पॅसाडिना

मी गोधडी शिवते. आईची तीन पातळं आणि आजीच्या लुगड्याचा एक पदर, अशी मोठी गोधडी घेतली होती. 7 जानेवारी 2025 ला संध्याकाळी वीज गेली, वाऱ्याने दारं थडाथडा आपटत होती. ईटन कॅन्यनच्या डोंगरावर लाल रेघ दिसली. ती रेघ रुंद होत होती. रात्री निघालो. मी गोधडी सुईसकट गुंडाळून मांडीवर घेतली.

मैत्रिणीकडे सेरिटोसला झोप येईना, तेव्हा हॉलमध्ये बसून धावदोरा घालत राहिले. कडेपासून आत, चौकोनात चौकोन. 9 तारखेला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: घर सोडा. आम्ही पुन्हा चपला घातल्या, गोधडी पुन्हा गुंडाळली. थोड्या वेळाने कळलं की इशारा चुकून आला होता. त्यानंतरच्या दहा मिनिटांत घातलेले टाके वाकडे आहेत, लांब लांब. उसवून नीट करता आले असते. मी तसेच ठेवले.

शेजारच्या अल्टाडिनातली आमची भिशी होती सात जणींची, त्यातल्या दोघींची घरं गेली. घरांच्या राखेत शिसं, ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच आत गेलो. एकीच्या शिलाई मशीनचा ओतीव सांगाडा सापडला. लाकडी टेबल नाही, पट्टा नाही, चाक मात्र फिरत होतं. तिने ते ओल्या कापडाने पुसलं आणि पिशवीत घातलं.

गोधडी तिच्यासाठीच आहे. अजून मधला चौकोन बाकी आहे.